पडदा उचलायचा मान

महिपतनं आजवर चार कोऱ्या करकरीत गाड्या शोरूममधून बाहेर काढल्या होत्या, आणि चारही दुसऱ्याच्या.

बाळकुमच्या साहेबांकडे तो एकोणीस वर्षं ड्रायव्हर होता. साहेबांना चार-पाच वर्षांनी गाडी बदलायची हौस. गाडी यायच्या दिवशी सगळं घर नटूनथटून शोरूमला जायचं. गाडीवर लाल सॅटिनचं कापड पांघरलेलं असायचं. मॅडम ते कापड ओढायच्या, शोरूमची माणसं टाळ्या वाजवायची, पितळी घंटा ठणाणा वाजायची, केक कापला जायचा आणि साहेबांच्या हातात हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली दिली जायची. खरी किल्ली महिपतच्या खिशात असायची. फोटो काढायचं कामही त्याच्याकडेच, कारण मॅडमच्या मते त्याचा हात अजिबात हलत नसे. ते खरंच होतं. आणि चार गाड्यांच्या दीडदोनशे फोटोंत महिपत एकदाही दिसत नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

हा सगळा थाट तो घरी येऊन बायकोला रंगवून सांगायचा. शेवंतीचं डोंबिवलीत पाथर्लीला पोळीभाजीचं छोटं केंद्र होतं. ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची, हं हं करायची. चौथ्या गाडीच्या वेळी मात्र तिचं लाटणं मध्येच थांबलं.

"तो पडदा मॅडमनंच उचलायचा असतोय व्हय?"

"ज्याची गाडी, त्याच्या घरच्यांनी उचलायचा."

"मग आपली गाडी येईल तवा मी उचलणार," असं म्हणून ती पुन्हा पोळीकडे वळली.

महिपत त्या वेळी पोट धरून हसला होता. पण शेवंती बोलायचं म्हणून बोलणाऱ्यातली नव्हती. पुढची सात वर्षं तिनं अशा काही चिकाटीनं पैसे बाजूला टाकले की महिपतचं हसू हळूहळू मावळलं आणि त्याच्याही डोळ्यांपुढे गाडी यायला लागली. दरम्यान साहेब मुलीकडे परदेशी गेले, महिपत सुटी कामं करायला लागला, आणि एक दिवस शेवंतीनं पासबुक त्याच्यापुढे टाकलं. म्हणाली, "बघा आता. आणि बघायची ती नवीच बघा. दुसऱ्यानं उष्टावलेली मला नको."

नव्या गाडीच्या किमती विचारून महिपत चार शोरूम फिरला आणि चारही ठिकाणांहून चहा पिऊन परत आला. पाहिजे ती गाडी हाताला लागत नव्हती, आणि हाताला लागणारी शेवंतीच्या मनात भरत नव्हती.

अशात परशुरामचा फोन आला. परशुराम म्हणजे साहेबांच्या चारही गाड्या जिथून आल्या त्या घोडबंदर रोडच्या शोरूमच्या यार्डातला माणूस, ट्रेलरवरून गाड्या उतरवून घेणं आणि राखणं हे त्याचं काम. महिपतशी त्याची वीस वर्षांची ओळख.

"महिपतराव, काल्हेरच्या यार्डात या. एक माल दाखवतो. पण येताना डोकं शांत ठेवून या."

यार्डात पत्र्याच्या शेडखाली एक राखाडी गाडी उभी होती. अगदी शेवंतीनं सांगितली होती तीच. तिला नंबरप्लेटही होती, एमएच झिरो फाइव्ह.

"पासिंग झालेली हाय की ही," महिपत म्हणाला.

"झालीय ना. तीच तर गंमत. एकतीस मार्चला आमच्या शोरूमला टार्गेटला पाच गाड्या कमी पडत होत्या. मग काय, पाच गाड्या स्टाफच्याच नावावर पासिंग करून टाकल्या. कागदावर विकल्या, आणि इथे आणून उभ्या केल्या. सहा महिने झाले, माश्या मारतायत. आता स्वस्तात काढायच्यात."

"किती चाललीय?"

"सतरा किलोमीटर. तेपण मीच चालवलीय."

महिपतनं बाह्या वर केल्या. एकोणतीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला ड्रायव्हर गाडी बघतो तेव्हा रंग आणि सीटकव्हर सगळ्यात शेवटी बघतो. त्यानं टायरच्या कडेवर कोरलेला बनावटीचा आठवडा वाचला, वायपरचं रबर चिमटीत धरून वाकवलं, पायपोस उचलून खाली ओल नाही ना ते चाचपलं. बॉनेट उघडलं तर आत इंजिनाच्या कडेला तंबाखूची पुडी बांधलेली.

"उंदरांसाठी," परशुराम म्हणाला. "वायरी कुरतडतात ना. दर महिन्याला पुडी बदलतो, माझ्या पैशानं."

थंड इंजिन पहिल्या किल्लीला चालू झालं नाही, दुसऱ्याला झालं. महिपत कान लावून ऐकत राहिला. बॅटरी मरायला टेकली होती, बाकी गाडी ठणठणीत होती. तिला आजवर कुणी वापरलंच नव्हतं, नुसतं कागदावर लग्न लावून दिलं होतं. त्यानं बॉनेट जपून खाली लावलं.

दुसऱ्या दिवशी तो शोरूमच्या मॅनेजरपुढे बसला. सुश्रुत नाव त्याचं, पस्तिशीचा, गोड बोलणारा आणि गोड बोलत बोलत काहीही न देणारा.

"तुम्हाला आधीच स्पष्ट सांगतो, आरसी बुकवर तुम्ही सेकंड ओनर असाल," सुश्रुत म्हणाला. "म्हणूनच तर इतकं डिस्काउंट."

"पहिल्या मालकानं सतरा किलोमीटर चालवलीय. तीबी ट्रेलरवरनं उतरून शेडपर्यंत," महिपत म्हणाला. "पण वॉरंटी मार्चपासनं चालू झालीय, म्हणजे माझे सहा महिने गेले. बॅटरी गेलीय. उभी राहून टायर बसलेत. हे सगळं तुमच्या डिस्काउंटमध्ये धरलंय का?"

सुश्रुतनं मान वर करून पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग अर्धा तास जे चाललं ते ऐकायला शेवंती तिथे हवी होती. शेवटी नव्या गाडीपेक्षा पावणेदोन लाख कमी, वर नवी बॅटरी आणि वाढीव वॉरंटी, असं ठरलं. महिपतनं घाम पुसला आणि मग त्याला जे खरं विचारायचं होतं ते विचारलं.

"दसऱ्याला डिलिव्हरी द्या. आणि पुढच्या हॉलमध्ये, तो पडदा टाकून. माझ्या मंडळींना उचलायचाय."

"तेवढं नाही जमणार, काका." सुश्रुतचा आवाज पुन्हा गोड झाला. "तो सोहळा फक्त नवीन गाड्यांसाठी असतो. ही कागदोपत्री वापरलेली. अशा गाड्या आम्ही मागच्या गेटनं देतो. शिवाय हिचा सोहळा झालेला आहे."

"झालाय? कधी?"

सुश्रुतनं स्क्रीन त्याच्याकडे वळवला. कंपनीला प्रत्येक डिलिव्हरीचा फोटो पाठवावा लागायचा, नाहीतर विक्री धरत नसत. फोटोत तीच राखाडी गाडी, अर्धं ओढलेलं लाल कापड, आणि हातभर लांबीची किल्ली धरून कसनुसं हसणारी एक पोरगी. तारीख एकतीस मार्च. आणि तीच पोरगी या क्षणी टेबलाच्या कडेला कागदांची फाईल धरून खाली बघत उभी होती.

तिचं नाव संचिता. शोरूममध्ये ती कागदपत्रांचं काम करायची. सह्या घेताना ती महिपतला हळूच म्हणाली, "काका, लवकर नावावर करून घ्या प्लीज. माझी सुटका होईल."

"का गं? गाडीची मालकीण हायस की."

"हो ना. मोहन्याहून रोज शेअर रिक्षात चौथी सीट, मग कल्याणहून लोकल पकडून येणारी मालकीण. आत बसलेपण नाहीये मी कधी. आणि आमच्या आईला सरकारी योजनेचे महिन्याचे पैसे यायचे, ते बंद झाले. घरात चारचाकी आहे म्हणे. आई मला विचारते, कुठाय गं आपली चारचाकी? काय सांगू?"

महिपतनं पेन उचललं. त्यानं सगळीकडे सही केली.

आता खरं तर त्यानं घरी जाऊन शेवंतीला सरळ सांगायला हवं होतं की बाई, गाडी मिळाली पण पडदा नाही मिळणार. ट्रकसमोर निधडेपणानं गाडी घालणारा हा माणूस बायकोसमोर मात्र शेपूट घालायचा. गाडी आधीच पासिंग झालेली आहे एवढं त्यानं सांगितलं. सतरा किलोमीटर ऐकून शेवंतीनं तीही गोष्ट मोठ्या मनानं मान्य केली. "उष्टी नाय म्हणायची ती, नुसती झाकणी उघडलेली," असा निवाडा तिनं दिला. मग तिनं विचारलं, "पडदा हाय ना?" आणि महिपत म्हणाला, "बघू की." या 'बघू की'चा शेवंतीनं जो अर्थ घ्यायचा तोच घेतला. पोळीभाजी न्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दसऱ्याचं सांगून झालं.

दसऱ्याला शेवंतीनं मोरपंखी इरकल नेसलं. ठाण्यात टेंभी नाक्याला देवीची ओटी भरून दोघं रिक्षानं शोरूमला पोचली. शोरूम झेंडूच्या माळांनी मढलं होतं. डिलिव्हऱ्यांची झुंबड उडाली होती, घंटेला उसंत नव्हती. महिपत रिक्षाचे पैसे देईपर्यंत शेवंती काचेच्या दारातून आत गेलीसुद्धा. समोरच लाल कापडाखाली एक गाडी उभी होती. ती सरळ तिच्यापाशी गेली, पिशवीतला नारळ खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कापडाची कड धरली.

"अहो मावशी, सोडा! सोडा ते!" सुश्रुत धावत आला. "ही दुसऱ्यांची गाडी आहे. तुमची मागच्या गेटला लावलीय."

शेवंतीनं हात काढून घेतला. आजूबाजूची नटलेली माणसं बघत होती. तिनं महिपतकडे पाहिलं, आणि त्याचा पडलेला चेहरा बघून तिला सगळं कळलं.

"तुम्हाला ठावं होतं," ती एवढंच म्हणाली. नारळ उचलून पिशवीत टाकला. "चला मागं. गाडी घेऊ आन जाऊ."

ती भांडली असती तर महिपतला बरं वाटलं असतं. ती पुढे चालायला लागली, आणि त्याला भयंकर लाज वाटली. मॅडमसाठी चार वेळा हाच पडदा त्यानं स्वतःच्या हातांनी नीट करून ठेवला होता, आणि आपल्या बायकोच्या हातातून आज तो सुटला होता.

कागदांचं टेबल मध्येच होतं. सुश्रुतला घाई होती. "संचिता, नाव बदलायचा अर्ज टाकलाय. तुझ्या मोबाइलवर ओटीपी येईल, सांग पटकन. मग यांना मागे घेऊन जा."

संचिताचा फोन वाजला. तिनं तो पाहिला आणि पालथा ठेवला.

"आला, सर."

"मग सांग."

"सांगते. पण गाडी पुढच्या दारातून जाईल. पडदा टाकून."

सुश्रुतला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"गाडी माझ्या नावावर आहे ना, सर? मग माझी गाडी मी कुठून द्यायची, ते मी सांगणार." तिनं पालथ्या फोनवर हात ठेवला. "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात हस, तर मी हसले. सही कर म्हणालात, केली. आज मालकीण म्हणून एकदाच काहीतरी मागतेय."

"संचिता, तुला कळतंय का तू कुणाशी बोलतेयस? नोकरी करायचीय ना?"

"करायचीय, सर. ओटीपी दहा मिनिटं चालतो."

कापडाखालच्या गाडीचं कुटुंब मुहूर्ताची वाट बघत उभं होतं. त्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा सावरत विचारलं, "काय झालंय? यांनी पैसे भरले नाहीत का?"

"सगळे भरलेत," महिपत म्हणाला.

"मग अडलंय कुठे? आज दसरा आहे हो. आमच्या शेजारी लावा की यांची. आमचा मुहूर्त अकरा चाळीसचा, वेळ आहे."

दहा जणांसमोर हसरा चेहरा ठेवणं हा सुश्रुतच्या नोकरीचाच भाग होता. त्यानं तो ठेवला आणि शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "माझी ना नाहीच हो. पण जागा बघा. एका बाजूला ही गाडी, दुसऱ्या बाजूला खांब. आमचे दोन्ही ड्रायव्हर बाहेर गेलेत. मध्ये गाडी घालणार कोण? एक ओरखडा आला तर?"

महिपतनं जागेकडे पाहिलं. मग खांबाकडे. मग उताराच्या फरशीकडे. इतका वेळ खाली गेलेली त्याची मान वर आली.

"किल्ली द्या," तो म्हणाला.

यार्डातून गाडी घेऊन आलेल्या परशुरामनं ती मागच्या गेटमधून काढून दिली. महिपत तिला वळसा घालून रस्त्याच्या बाजूनं आणून पुढच्या दारासमोर थांबला. आत शिरायचं तर उलटं शिरायला हवं होतं, म्हणजे नंतर सरळ बाहेर पडता येईल. दोन्ही आरसे त्यानं मिटले. परशुराम सवयीनं मागे उभा राहून ओरडायला लागला, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…"

"परशुराम, गप."

गाडी उतारावरून मागे चढली. घंटा थांबली होती, हॉलमधली माणसं भिंतीला चिकटली होती. खांबापासून चार बोटं, ड्रायव्हरच्या बाजूला लाल कापडापासून दीड वीत. महिपत काचेतून मान बाहेर काढून बघतही नव्हता. एकदा पुढे घेतली, चाक पावभर वळवलं, आणि मग एका दमात मागे. कापडाची सुरकुतीसुद्धा हलली नाही. तो इंजिन बंद करून उतरला, तेही पोट आत घेऊन, कारण दार जेमतेम दीड वीत उघडत होतं.

आधी त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. ज्या हॉलमध्ये त्यानं चार वेळा दुसऱ्यांसाठी टाळ्या ऐकल्या होत्या, त्याच हॉलमध्ये त्या आज त्याच्यासाठी वाजत होत्या, आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

संचितानं कपाटातून दुसरं लाल कापड आणलं, झटकलं आणि गाडीवर पसरलं. मग ती बाजूला झाली.

"मावशी, या."

शेवंतीनं पदर खोचला. कापडाची एक कड धरली, आणि मग वळून म्हणाली, "ए पोरी, इकडं ये. पयली मालकीण तू हायस. दुसरी बाजू तू धर."

"मी कशाला, मावशी?"

"मागच्या वक्ताला खोटं हसत उचललंस ना? आता खरं हसत उचल."

दोघींनी मिळून ओढलं. कापड बॉनेटवरून सळसळत खाली आलं आणि शेवंतीच्या तोंडातून हसणं बाहेर पडलं ते थेट छतापर्यंत गेलं. सुश्रुतबद्दल एवढं मात्र सांगायला हवं की घंटा त्यानं स्वतः वाजवली, आणि कंजूषपणानं वाजवली नाही. नारळ फुटला, झेंडूचा हार चढला, चारी चाकांखाली लिंबं गेली. हातभर लांबीची किल्ली महिपतच्या हातात आली. ती हलकीफुल निघाली. इतकी वर्षं ती लांबून त्याला फार जड वाटायची.

फोटोसाठी महिपतनं खिशातून मोबाइल काढला, चार पावलं मागे सरकला आणि सवयीनं डोळा बारीक केला. चौकटीत शेवंती, संचिता, गाडी, सगळं बरोबर बसलं होतं.

"अहो!" शेवंती ओरडली. "तुम्ही तिकडं काय करताय? मालक कुठाय गाडीचा?"

परशुरामनं त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला. महिपत येऊन कडेला उभा राहिला, हात मागे बांधून, साहेबांच्या मागे उभं राहायचा तसा. शेवंतीनं दंडाला धरून त्याला मध्ये ओढलं. परशुरामचा हात भयंकर हलायचा, त्यामुळे तो फोटो थोडा पुसट आलाय. पाथर्लीच्या केंद्रात पोळ्यांच्या डब्याच्या वर आज तोच टांगलेला आहे. महिपत त्यात मधोमध आहे आणि त्याचे डोळे भरलेले आहेत. फोटो पुसट असल्यामुळे ते दिसत नाहीत असं त्याचं म्हणणं.

पहिला ओटीपी एव्हाना मेला होता. दुसरा मागवला. संचितानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, एकेक आकडा सावकाश, आणि गाडी महिपतच्या नावाच्या वाटेला लागली.

"सुटी कितीला तुझी?" निघताना महिपतनं विचारलं.

"सहाला. का हो?"

"काय न्हाय."

सहा वाजता संचिता पर्स खांद्याला लावून काचेच्या दारातून बाहेर पडली, तर पायरीला लागून राखाडी गाडी उभी. पुढच्या सीटवर शेवंती, मांडीवर आपट्याची पानं आणि पेढ्यांचा पुडा. शोरूममधली माणसं काचेआडून बघत होती, त्यांत सुश्रुतही होता.

"मोहन्याला सोडतो तुला," महिपत म्हणाला. "आईला खाली बोलाव. इचारत होती ना, चारचाकी कुठाय म्हणून? एकदा दाखव तिला."

संचिता पुढे झाली आणि दाराच्या मुठीला हात घालणार, तोच महिपत वळसा घालून तिच्या आधी पोचला. शर्ट खाली ओढून नीट केला, पाय जुळवले आणि मागचं डावं दार पूर्ण उघडून धरलं. एकोणतीस वर्षं त्यानं लोकांसाठी दारं उघडली होती, पण आपल्या गाडीचं दार तो कुणासाठी पहिल्यांदाच उघडत होता.

"बसा, मॅडम," तो म्हणाला, आणि ती नीट बसेपर्यंत त्यानं दार लावलं नाही.